ऑपरेशन कुठे आणि कोणाकडे? गाठ लवकर सापडल्यावरचा घोळ

"मॅडम, गाठ लवकर सापडलीय म्हणतात, पण ऑपरेशन कुठे करायचं आणि कोणाकडे, तेच ठरत नाहीये." हे वाक्य मी स्तनाचा कॅन्सर निघालेल्या इतक्या जणींच्या, त्यांच्या नवऱ्यांच्या, मुलींच्या तोंडून ऐकलंय की आता फोनवर समोरची व्यक्ती अर्धं बोलली की पुढचं कळतं. आणि त्यानंतरचं वाक्यही ठरलेलं, "तुम्हीच एक नाव सांगा ना." मी नाव सांगत नाही. काहींना राग येतो, येऊ दे. एकतर मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, आणि दुसरं म्हणजे नावं त्यांच्याकडे आधीच ढीगभर असतात, नावं जास्त झाली म्हणूनच तर त्या माझ्यापर्यंत पोचलेल्या असतात.

सुनंदाताईंचं सांगते (नाव आणि घरचे तपशील बदललेत). वय 48, सिन्नरच्या बाजूला झेडपीच्या शाळेत शिक्षिका, नवरा एमआयडीसीत कंपनीत, मुलगा पुण्यात आयटीत. डाव्या बाजूला पावणेदोन सेंटिमीटरची गाठ, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झालेली, बायोप्सीत कॅन्सर आलेला, काखेतल्या गाठी (म्हणजे लिम्फ नोड, त्या प्रत्येकाला असतात) सोनोग्राफीत ठीक. म्हणजे सुरुवातीची स्टेज. पहिल्या भेटीला आल्या त्या हातात रिपोर्टची फाईल आणि एक शंभर पानी वही घेऊन. वहीत पट्टीने आखलेला तक्ता, अगदी शाळेच्या निकालपत्रकासारखा, डॉक्टरांचं नाव, हॉस्पिटल, कोणी सुचवलं, खर्च, आणि शेवटच्या रकान्यात दहापैकी मार्क. ते मार्क इतक्या वेळा खोडून परत लिहिले होते की तिथे कागद विरून भोक पडलं होतं.

मोठ्या नणंदेने ठाण्यातले एक सर्जन सांगितलेले, त्यांच्या जावेचं तिथेच झालं म्हणून. दिरांनी नाशिकचेच, ओळख आहे म्हणून. मुलाने पुण्याचे, गूगलवर रिव्ह्यू चांगले म्हणून. भाऊ म्हणे टाटा सोडून कुठेही गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस. शेजारच्या काकू काढ्याचं सांगून गेल्या होत्या, त्यांना मात्र तक्त्यात जागा नव्हती, तेवढं बरं केलं बाईंनी. आणि या सगळ्याआधी ज्या सर्जननी पहिल्यांदा गाठ तपासली होती ते म्हणाले होते, परवा ॲडमिट व्हा, पूर्ण काढून टाकू, विषय संपला.

"मग सध्या सगळ्यात जास्त मार्क कोणाला?" मी विचारलं.

"रोज बदलतात हो. सकाळी टाटा असतं, रात्री जेवताना हे काहीतरी बोलतात की परत नाशिक."

"आणि तुमचं स्वतःचं मत?"

"माझं काय मत असणार मॅडम, मला त्यातलं काय कळतंय."

अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या पोरांना शिकवण्यात घालवलेली बाई हे म्हणत होती. असो.

आधी मी त्या 'परवा'ला हात घातला, कारण डोक्यावर तारीख टांगलेली असताना माणूस विचार करत नाही, पळतो. ही इमर्जन्सी नसते. महत्त्वाचा आजार आहे, टाळाटाळ करायची नाही, महिनोनमहिने तर अजिबातच नाही, पण नीट रिपोर्ट गोळा करायला आणि दोन मतं घ्यायला दोन-तीन आठवडे गेले तर सहसा बिघडत नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि मग शांत व्हा. सुनंदाताईंचा तर रिसेप्टर रिपोर्टही अजून यायचा होता, ईआर, पीआर (हे दोन्ही हार्मोनचे) आणि हर-टू (हे एक प्रथिन). हा रिपोर्ट गाठीचा स्वभाव सांगतो, आणि त्यावरून कधीकधी ऑपरेशनच्या आधी केमो द्यायची असंही ठरतं, विशेषतः हर-टू पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निगेटिव्ह असेल आणि गाठ जरा मोठी असेल तेव्हा. तो हातात नसताना तारीख धरायची म्हणजे काय ठरवायचंय तेच माहीत नसताना ठरवायचं. हे ऐकल्यावर त्यांचे खांदे जरा खाली आले. पण तक्ता काही मिटला नाही, पुढच्या वेळी परत तोच, नवीन पानावर.

इथे बरेचजण मदत म्हणून तक्त्यात आणखी एक रकाना घालून देतात. मी ते टाळलं. मी विचारलं, "समजा यातला कुठलाही एक डॉक्टर निवडला, सर्जरी छान झाली, घरी आलात. तरीसुद्धा रात्री झोप लागणार नाही असं काय आहे?"

बराच वेळ काही नाही. अशा वेळी बोलून जागा भरून टाकायचा मोह होतो, मला गप्प बसता येतं, इतक्या वर्षांत कमावलेली एवढी एक गोष्ट आहे.

"परत आला तर?" त्या म्हणाल्या.

"आला तर?"

"तर सगळे म्हणतील टाटाला न्यायला पाहिजे होतं. टाटाला गेले आणि काही झालं तर म्हणतील उगाच दगदग केली, इथेच होत होतं सगळं. आणि त्यांचं सोडा, मलाच वाटेल. मरताना वाटेल की मीच चुकीचा माणूस निवडला, माझ्या हाताने."

मग रडल्या. निदान झाल्यापासून पहिल्यांदा, असं नंतर सांगितलं.

म्हणजे बघा, त्या वहीत सर्जन शोधणं चाललंच नव्हतं, गॅरंटी शोधणं चाललं होतं. उद्या मला पस्तावा होणार नाही याची लेखी हमी जो देईल तो डॉक्टर. असा डॉक्टर जगात कुठेच बसलेला नाही म्हणून मार्क रोज बदलत होते. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झालेली आहे, त्यामुळे मला हे लगेच दिसतं असं म्हटलं तर कोणी आगाऊपणा म्हणेल, पण खरंच दिसतं. चांगला डॉक्टर मिळावा ही इच्छा शहाणपणाची आहे, ती माणसाला कामाला लावते, फोन करायला लावते, प्रश्न विचारायला लावते. निर्णय शंभर टक्के बरोबरच निघाला पाहिजे आणि नाही निघाला तर मी अपराधी, हा हट्ट मात्र माणसाला जागच्या जागी बसवून ठेवतो. दोन्ही वरून सारखेच दिसतात, काळजीच म्हणतो आपण दोन्हीला.

हे मी त्यांना भाषण देऊन सांगितलं नाही. मी एवढंच म्हटलं, "परत येणं न येणं कशाकशावर ठरतं हे कोणाला विचारलंत का?" नव्हतं विचारलं. फी विचारली होती, रूमचं भाडं विचारलं होतं, किती टाके पडतील तेही. म्हटलं, मग दोन ठिकाणी जा आणि दोन्हीकडे हाच प्रश्न विचारा, मार्क नंतर देऊ.

पुढच्या वेळी आल्या त्या वेगळ्याच आल्या. वही होती, पण पिशवीत. म्हणाल्या, "विचारलं मॅडम. गाठ केवढी, काखेत गेलीय का, रिसेप्टर काय आहेत, पेशी किती जोरात वाढतात, आणि सगळी ट्रीटमेंट पूर्ण होते का, यावर ठरतं म्हणाले. ऑपरेशन नीट झालंच पाहिजे, काढलेल्या भागाच्या कडा क्लिअर, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, आल्याच पाहिजेत, पण ते काम रोज करणारे दोन सर्जन असतील तर त्या दोघांमधल्या फरकाने आभाळ कोसळत नाही." आणि मग जरा थांबून, "म्हणजे मी कोणाला निवडते यावर सगळं टांगलेलं नाहीये."

हे वाक्य मी त्यांना दिलेलं नाही, त्यांनी स्वतः कमावलं, म्हणून टिकलं. त्यानंतर निवड करायला खरं तर फार वेळ लागला नाही. बघा, गंमत अशी की गॅरंटीचा हट्ट सुटला की माणूस जास्त चांगले प्रश्न विचारतो, कमी नाही.

प्रश्न कुठले, तर आता ते सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्या जणी त्यासाठीच इथपर्यंत आल्या असतील. पहिला आणि सगळ्यात अवघड वाटणारा, "डॉक्टर, तुम्ही वर्षाला ब्रेस्ट कॅन्सरच्या किती सर्जरी करता?" विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारायचाच. पित्ताशय, हर्निया, अपेंडिक्स सगळंच करणारा आणि मधूनच एखादी ब्रेस्टची करणारा सर्जन, आणि हेच काम आठवडाभर करणारा ऑन्कोसर्जन, म्हणजे कॅन्सरचा सर्जन, यात फरक पडतो. सुनंदाताईंना एका ठिकाणी "गूगल करून आलात वाटतं" असं ऐकावं लागलं. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी आकडा सांगितला आणि वर कागद ओढून चित्र काढून दाखवलं, गाठ इथे, छेद असा, काखेत एवढं. मला विचाराल तर त्या गूगलवाल्या सर्जननी निवड सोपीच करून दिली.

दुसरा प्रश्न, स्तन वाचवता येईल का, आणि येणार नसेल तर का नाही. "काढून टाकलं की टेन्शन संपलं" हे आपल्याकडे अजून घराघरात बोललं जातं, सासू बोलते, कधीकधी डॉक्टरही. याला इतिहास आहे. 1894 मध्ये अमेरिकेत हॉल्स्टेड या सर्जनने स्तन, खालचे स्नायू, काख असं सगळं काढायची पद्धत मांडली आणि पुढे कितीतरी दशकं तीच चालली. मग अमेरिकेत फिशर आणि इटलीत व्हेरोनेसी यांनी बायकांचे वेगवेगळे गट करून नीट अभ्यास केले, आणि 2002 मध्ये दोघांचे वीस वर्षांचे निकाल आले. स्तन पूर्ण काढलेल्या आणि स्तन वाचवून गाठ काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. म्हणजे लहान गाठीत पूर्ण काढण्याने आयुष्य वाढतं असं नाही. मात्र गाठच काढली तर नंतर रेडिएशन सहसा घ्यावंच लागतं, ते टाळायचं नाही. आणि काहींना पूर्ण काढणंच योग्य असतं, गाठी एकापेक्षा जास्त ठिकाणी असतील, किंवा स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल. काहींना माहिती घेऊनसुद्धा पूर्णच काढायचं असतं, तेही त्यांचं चूक नाही. कारण कळलं पाहिजे, एवढंच.

काखेचंही विचारा. काखेतल्या गाठी तपासणीत ठीक असतील तर आता निळा डाय वगैरे टाकून पहिल्या दोन-चार गाठीच काढून तपासतात, त्याला सेंटिनेल नोड बायोप्सी म्हणतात. ती सोय नसलेल्या ठिकाणी सरसकट सगळी काख साफ केली जाऊ शकते, आणि त्यानंतर हात सुजायचा धोका बराच वाढतो. ज्या हाताने पोळ्या लाटायच्या, तो हात आहे हा. शिवाय केस ट्युमर बोर्डात जाते का, म्हणजे सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात का, तेही.

आता भावाचा टाटाचा हट्ट. परळचं टाटा मेमोरियल 1941 पासून आहे, ते नाव का घेतलं जातं हे कोणाला सांगायला नको. पण गर्दी आहे, चकरा आहेत, राहायची सोय बघावी लागते, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागांवर कितीजण दिवस काढतात. मी म्हटलं, मत घ्यायला जायचं आणि ऑपरेशन तिथेच करायचं या दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात की. बायोप्सीच्या स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) लॅबमधून मागून घ्यायचे, आणि सेकंड ओपिनियन घेतलं म्हणून चांगला डॉक्टर रागवत नाही. टाटाच्या पुढाकाराने 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड म्हणून देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं आहे, उपचाराची पद्धत सगळीकडे सारखी असावी म्हणून, आपल्या जवळचं हॉस्पिटल त्यात आहे का ते बघता येतं. तर पंचवटी एक्सप्रेसने नवरा-बायको दादरला उतरले, मत घेऊन आले, आणि प्लॅन नाशिकच्या त्या चित्र काढणाऱ्या डॉक्टरांनी सांगितला तोच निघाला.

पैशाचंही आधीच बघा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हॉस्पिटल बसतं का, आणि कॅन्सर सर्जरीसाठी बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारायचं. नोकरीतल्यांनी प्रतिपूर्तीचे, म्हणजे खर्च परत मिळण्याचे, नियम ऑफिसात आधी, विमा असेल तर कॅशलेसची मंजुरी आधी.

घरच्यांना मी एकदा एकत्र बोलावलं. प्रत्येकाने सुचवलेलं नाव म्हणजे त्याचं प्रेम असतं, ते नाकारलं की माणूस दुखावतो, त्यामुळे पेशंट निम्मा वेळ लोकांची मनं सांभाळत बसते. नणंदबाईंना मी सरळच विचारलं, "तुम्ही सांगितलेल्या डॉक्टरांकडे नाही गेल्या तर?" त्या म्हणाल्या, "मला काय, ही बरी झाली पाहिजे." सुनंदाताईंनी मान वर करून बघितलं त्यांच्याकडे. हे त्या दोघींत आधी बोललंच गेलं नव्हतं. नवऱ्याला मी वेगळं काम दिलं. डॉक्टरांच्या केबिनमध्ये प्रश्न बायकोला विचारला तरी उत्तर तेच द्यायचे. म्हटलं, दादा, तुम्ही आता पेन धरायचं, उत्तरं लिहायची, बोलायचं नाही. जड गेलं त्यांना, पण लिहिलं, आणि चांगलं लिहिलं.

ऑपरेशन नाशिकला झालं, फक्त गाठ काढली, काखेतल्या गाठी क्लिअर आल्या. हार्मोनचे रिसेप्टर पॉझिटिव्ह असल्यामुळे हार्मोनविरोधी गोळ्या आहेत, कमीत कमी पाच वर्षं. रेडिएशनच्या 15 सिटिंग होत्या, सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे, आणि जवळचं हॉस्पिटल का बघायचं ते तेव्हा कळतं, रोज तीस किलोमीटर जाऊन यायचं असतं. सुनंदाताईंनी तिथे भांडून दुपारचा स्लॉट मागून घेतला, कारण सकाळची शाळा होती आणि चौथीचा भागाकार राहिला होता. स्लॉट बदलून मागता येतो हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं, पहिल्याच दिवशी काउंटरवर विचारून ठेवा.