तुमचे प्रश्न : पडद्यावरचं भूत कागदावर आलं की घाबरवत का नाही?

प्रश्न : नमस्कार ताई, मी २२ वर्षांचा आहे, मिरजेत राहतो, इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष. शाळेपासून हॉरर पिक्चरचं वेड, घरचे झोपले की इअरफोन लावून मोबाईलवर बघत बसायचो. आता स्वतःचं हॉरर कॉमिक काढतोय, आठ पानं झालीत. जुना वाडा, लाईट गेलेली, पोरगा जिना चढतो आणि वर एक बाई उभी असते. पिक्चरमधले सगळे अँगल वापरलेत, पण मित्र म्हणतात चित्रं भारी आहेत, भीती काही वाटत नाही. काय चुकतंय? पानांचे फोटो पाठवतोय.

उत्तर : फोटो पाठवलेस ते फार बरं केलंस. तुझं तिसरं पान मी बराच वेळ समोर ठेवून बसले होते. सहा चौकटी आहेत आणि बाई पाचव्या चौकटीत. आता तूच बघ, पान उघडल्या उघडल्या डोळा आधी अख्ख्या पानावरून फिरतो आणि मग वाचायला सुरुवात होते, म्हणजे पोराने पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आधीच वाचणाऱ्याने वरची बाई बघून टाकलेली असते. पिक्चरमध्ये तसं होत नाही, डायरेक्टरला वाटेल तेवढा वेळ तो आपल्याला अंधारात बसवून ठेवतो, वर ते म्युझिक असतं. कॉमिकमध्ये वेळ वाचणाऱ्याच्या हातात असतो. भूत लपवायला तुझ्याकडे खात्रीची जागा एकच, पानाची मागची बाजू.

तर त्या बाईला तिथून उचल आणि चौथ्या पानावर टाक, एकटीला, पानभर. पुस्तकात तिसरं पान उजव्या हाताला येतं. त्याच्या शेवटच्या चौकटीत फक्त पोराचा चेहरा ठेव, कठड्यावर हात, नजर वर, संवादाचा फुगा नको. त्याने काय बघितलं ते कळायला वाचणाऱ्याला स्वतःच्या बोटाने पान उलटावं लागेल, आणि ती भीती त्याने स्वतः ओढवून घेतलेली असेल. जपानचा हॉरर कॉमिक काढणारा जुंजी इतो हे इतकं सुंदर करतो की दुसऱ्यांदा वाचतानाही पान उलटायला हात कचरतो. फक्त जपानी पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे त्याची पान उलटायच्या आधीची ती शेवटची चौकट डाव्या पानावर सापडेल, अभ्यास करताना घोटाळा करू नकोस. मोबाईलवर टाकणार असशील तर स्वाईप हेच पान उलटणं, आणि खाली खाली सरकवत वाचायचं असेल तर मध्ये स्क्रीनभर नुसता काळा रंग सोड.

पिक्चरच्या प्रेमातून कॉमिक काढणारा तू एकटा नाहीस. अमेरिकेत रॉबर्ट किर्कमनने २००३ मध्ये 'द वॉकिंग डेड' सुरू केलं ते जॉर्ज रोमेरोच्या झोंबीपटांच्या वेडापायीच. त्याला खटकायचं ते हे की पिक्चर संपतो आणि वाचलेल्या माणसांचं पुढे काय झालं ते कळतच नाही. म्हणून त्याने न संपणारा झोंबी पिक्चर कागदावर मांडला, काळ्या-पांढऱ्या-करड्या रंगात, १९३ अंक, थेट २०१९ पर्यंत. त्याने पिक्चरमधून झोंबी घेतला, पण पिक्चरला जे जमत नव्हतं ते कॉमिककडून करून घेतलं. तू अँगल घेतलेस आणि तिथेच थांबलास.

इतोबद्दल अजून एक सांगते. तो आधी दातांच्या कवळ्या वगैरे बनवणारा टेक्निशियन होता, १९८७ मध्ये 'तोमिए' या कॉमिकपासून त्याची सुरुवात झाली. लहानपणी त्याच्या घरातलं संडास-बाथरूम एका भुयारासारख्या वाटेच्या टोकाला होतं, तिथे किडे असायचे, आणि रोज तिथून जायचं म्हणजे जिवावर यायचं. तुझ्या वाड्यात असं काहीच नाहीये रे. तो वाडा मी शंभर पिक्चरमध्ये बघितलाय. तुझ्या आजोळची मोरी कशी होती, माळ्यावर काय ठेवलेलं असायचं, दुपारी कुठल्या खोलीत जाऊ नको म्हणायचे, ते आण.

आणि आपल्याकडे चकवा आहे की! माणूस रात्री शेतातून निघतो आणि फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो. हे तर कॉमिकसाठीच बनलंय असं मला मनापासून वाटतं. तेच बाभळीचं झाड, तीच चौकट, पहिल्या पानावर, दुसऱ्या पानावर, तिसऱ्या पानावर, आणि दर वेळी झाडाखालची चप्पल थोडी जवळ सरकलेली, पण त्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. ज्याच्या लक्षात येईल तो मागची पानं उलटून बघेल, आणि थिएटरमध्ये बसून हे करता येत नाही.

आवाजाचं थोडक्यात. 'धडाम' काढून टाक. मराठीत करकर आहे, खसखस आहे, सळसळ आहे, टप् टप् आहे, त्यातला एक निवड आणि हाताने लिही, फॉन्ट नको. आणि पुढची गोष्ट काढायच्या आधी कागद दुमडून छोटी डमी बनव, आत नुसत्या काड्यांची माणसं काढ आणि मित्राला वाचायला दे. त्याच्या चेहऱ्याकडे बघू नकोस, बोटांकडे बघ. पान उलटताना बोट थांबलं की समज ती जागा बरोबर आहे.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. दादाच्या मोबाईलवर भुताचे पिक्चर बघते आणि वहीच्या मागच्या पानांवर भुतांची कॉमिक्स काढते. वर्गातल्या बाई रागावल्या, सासूबाई म्हणतात डोक्यावर परिणाम होईल. बंद करू का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, ही काळजी जुनी आहे. अमेरिकेत १९५० च्या आसपास हॉरर कॉमिक्सची लाट होती, १९५४ मध्ये फ्रेड्रिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने पुस्तक लिहिलं की कॉमिक्समुळे पोरं गुन्हेगार होतात, सिनेटपुढे सुनावणी झाली, आणि घाबरून प्रकाशकांनीच इतके कडक नियम केले की मुखपृष्ठावरच्या नावात 'हॉरर' शब्दसुद्धा चालेना. पुढे कॅरोल टिली या संशोधक बाईंनी वर्थमचे कागद तपासले आणि २०१२ मध्ये दाखवून दिलं की मुलांची बोलणी त्याने फिरवून लिहिली होती.

म्हणून बघणं आणि काढणं वेगळं धरा. ए सर्टिफिकेटचे पिक्चर दादाच्या मोबाईलवर नकोत, ते खरंच बंद करा, झोप उडत असेल तर ताबडतोब. पण काढणं बंद करू नका हो. पिक्चरमध्ये भूत तिच्या अंगावर येतं, वहीत मात्र ते केवढं मोठं काढायचं आणि कुठल्या पानावर मारायचं हे ती स्वतः ठरवते. एखाद्या संध्याकाळी शेजारी बसून तिलाच गोष्ट वाचून दाखवायला सांगा, मध्ये बोलू नका. आणि शाळेची वही भरते म्हणून बाई रागावत असतील तर ते त्यांचं बरोबरच आहे, तिला एक वेगळी शंभर पानी कोरी वही आणून द्या.