गर्भातील मेंदूच्या पेशींना वाट कोण दाखवते?

आपला प्रश्न असा आहे की पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचा मेंदू गुळगुळीत दिसला, तर पेशी आपल्या जागी पोहोचल्या नाहीत असे समजायचे का, आणि मुळात त्या पोहोचतात कशा. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. हा धडा आला की मी विद्यार्थ्यांना खिडकीबाहेरच्या नव्या इमारतीची बांबूची परांची दाखवते आणि ती उपमा कुठे तोकडी पडते हेही सांगते.

मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात आणि बाह्यकाच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, बहुतेक चेतापेशी त्यांच्या कडेलगत जन्मतात. तेथील रेडियल ग्लिया पेशींचा लांब तंतू थेट मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत गेलेला असतो. त्याला बिलगून नवी पेशी वर सरकते, हे चेताशास्त्रज्ञ पास्को राकिच यांनी 1970च्या दशकाच्या प्रारंभी माकडाच्या गर्भात दाखवले. पुढे कळले की चेतापेशींना जन्म देणाऱ्याही याच ग्लिया पेशी आहेत. म्हणजे ही परांची चढणाऱ्याची आईच असते, आणि मला या विषयात सर्वांत हृद्य वाटते ते हेच.

पेशी संथपणे वाहत जात नाही. ती आधी पुढचा बारीक तंतू लांबवते, मग केंद्रक त्या दिशेने ओढून घेते, क्षणभर थांबते आणि पुन्हा तेच करते. आधी आलेल्या पेशी खालच्या थरांत स्थिरावतात व नंतरच्या त्यांच्यामधून वाट काढत वर जातात. पृष्ठभागाजवळच्या पेशींतून स्रवणारे रीलिन हे प्रथिन या रचनेसाठी आवश्यक असते. ते नसलेल्या उंदरांत थरांचा क्रम ढोबळमानाने उलटा होतो. निरोधक, म्हणजे इतर पेशींची क्रिया आवरणाऱ्या, चेतापेशी मात्र दुसरीकडे जन्मून आडव्या वाटेने येतात.

डबलकॉर्टिन या प्रथिनाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. ते सदोष असलेल्या मुलींत काही पेशी जागी पोहोचतात व काही अर्ध्या वाटेत अडकतात, कारण प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स कार्यरत असतो. अडकलेल्या पेशींचा दुसरा पट्टा एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतो. मुलांत याच दोषाने मेंदू गुळगुळीत राहू शकतो.

आपल्या बाळाविषयी सांगायचे तर, पाचव्या महिन्यात मेंदू बराचसा गुळगुळीत दिसणे स्वाभाविक आहे. पेशींचे हे स्थलांतर प्रामुख्याने तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते, तर बहुतेक वळ्या त्यानंतर, शेवटच्या तिमाहीत उमटतात.