वाचकांचे प्रश्न : तेल-वायू विहिरींचे पोलाद

गेल्या अंकातील तेलविहिरींच्या खोदकामावरील लेखानंतर खानदेशातून बरीच पत्रे आली. आपल्या भागातील अनेक तरुण सुरत, हजिरा, अंकलेश्वर या पट्ट्यात कामाला आहेत आणि तिकडची छोटी-मोठी कामे जळगावच्या कारखान्यांपर्यंत येतात, हे या पत्रांवरून दिसते. त्यांपैकी पोलादाविषयीच्या चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या प्रश्नाशी माणसांच्या जिवाचा संबंध असल्याने त्याचे उत्तर सर्वांत सविस्तर दिले आहे.

प्रश्न : हजिऱ्याच्या एका ठेकेदाराने आमच्याकडे ‘बी७एम’ प्रतीचे स्टडबोल्ट मागितले आहेत. त्याच मापाचे १२.९ प्रतीचे हाय टेन्साइल बोल्ट आमच्याकडे तयार आहेत आणि ताकदीने ते जवळपास दुप्पट आहेत. तेच दिले तर ग्राहकाचा फायदाच नाही का? गंज लागू नये म्हणून झिंक प्लेटिंगही करून देऊ. (एक कारखानदार, जळगाव एमआयडीसी)

उत्तर : कृपया तसे करू नका. बी७एम मागितले आहेत, त्या अर्थी त्या जोडणीत विषारी हायड्रोजन सल्फाइड असलेला, म्हणजे ‘सावर’ वायू असण्याची दाट शक्यता आहे. समुद्रातील वसई क्षेत्राचा वायू याच प्रकारचा असून त्यातील हायड्रोजन सल्फाइड काढून टाकणे हे हजिऱ्याच्या प्रकल्पाचे एक मुख्य काम आहे. अशा वायूत अतिकठीण पोलाद सौम्य पोलादाच्या आधी तुटते.

याचे कारण असे. वायूबरोबर थोडा जरी ओलावा असला तरी पोलादाच्या पृष्ठभागावर क्षरण सुरू होते आणि त्यात हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. एरवी हे अणू दोन-दोनच्या जोडीने वायू बनून निघून जातात. सल्फाइड मात्र ही जोडी सहजी जुळू देत नाही, त्यामुळे ते सुटे अणू पोलादाच्या आत शिरतात आणि जिथे ताण सर्वाधिक असतो तिथे, म्हणजे बोल्टच्या बाबतीत आट्यांच्या तळाशी, गोळा होतात. सौम्य पोलाद तिथे किंचित ताणले जाऊन ताण वाटून घेते; कठीण पोलादाला ते जमत नाही आणि त्यात तडा जातो. तांबेरा दिसत नाही, बोल्ट झिजत नाही. बाहेरून नव्यासारखा दिसणारा बोल्ट काही तासांत किंवा काही दिवसांत सरळ दोन तुकडे होऊन पडतो. हा धोका उष्ण भागापेक्षा साधारण हवेच्या तापमानाला अधिक असतो, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

म्हणूनच ‘नेस’ या क्षरण-अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने १९७५ मध्ये अशा कामाच्या साहित्याचे मानक काढले. २००३ पासून ते आयएसओ १५१५६ या नावानेही ओळखले जाते. साध्या आणि कमी मिश्रणाच्या पोलादांसाठी त्यात कठीणता मोजण्याच्या रॉकवेल सी मापावर सर्वसाधारणपणे २२ ही वरची मर्यादा आहे. तुमच्या १२.९ च्या बोल्टची कठीणता ३९ ते ४४ असते. तो या मर्यादेच्या आसपासही नाही.

बी७ आणि बी७एम या दोन प्रतींचे पोलाद मात्र एकच असते, तुमच्या ओळखीचे क्रोमियम-मॉलिब्डेनमचे, म्हणजे क्रोम-मॉली ४१४०. फरक पडतो तो टेम्परिंगमध्ये, म्हणजे तापलेल्या पोलादाला पाणी देऊन कठीण केल्यावर ते पुन्हा तापवून थोडे मऊ करण्याच्या क्रियेत. बी७ किमान ५९३ अंश सेल्सिअसला टेम्पर करतात, तर बी७एम किमान ६२० अंशांना. त्यामुळे किमान नमन-सामर्थ्य, म्हणजे ज्या ताणाला पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते तो ताण, ७२० वरून ५५० मेगापास्कलवर येते आणि कठीणता ब्रिनेल या दुसऱ्या मापाने २३५ च्या, म्हणजे जवळपास वरच्याच मर्यादेच्या आत राहते. ही ताकद जाणूनबुजून सोडलेली आहे, कारण तिच्या बदल्यात तडा न जाण्याची खात्री वाढते. तुमच्या कारखान्यात आटे रोलिंगने, म्हणजे कापून न काढता दाबून, पाडत असाल तर एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी लागेल. रोलिंगने आट्यांचा थर पुन्हा कठीण होतो, म्हणून शेवटचे टेम्परिंग किंवा ताणमुक्तीची प्रक्रिया आटे पाडून झाल्यानंतरच करायची असते. आधी टेम्पर केलेल्या सळईवर नंतर आटे रोल करून दिलेला बोल्ट दिसायला तंतोतंत सारखा असतो, पण तो बी७एम नव्हे.

झिंक प्लेटिंगने प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. प्लेटिंगच्या आधीची आम्लाची धुलाई आणि प्लेटिंगचा प्रवाह या दोन्हींमधून हायड्रोजन पोलादात शिरतो. म्हणूनच उच्च कठीणतेचे बोल्ट प्लेटिंगनंतर लगोलग २०० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवावे लागतात. हे काम टाळले गेल्यामुळे सावर वायूचा वाराही न लागलेले बोल्ट आवळून ठेवल्या जागी तुटल्याची उदाहरणे यंत्रउद्योगात सर्वत्र आढळतात.

ही ऑर्डर घ्यायची असेल तर सळईचे मिल टेस्ट सर्टिफिकेट, भट्टीचा तापमान-आलेख आणि प्रत्येक बोल्टची कठीणता तपासल्याची नोंद तयार ठेवा, ‘बी७एम’ हा शिक्का उमटवा आणि नट २एचएम प्रतीचेच वापरा. हे करण्याची सोय नसेल तर ऑर्डर नाकारलेली बरी. त्या फ्लँजशेजारी, म्हणजे बोल्टने आवळलेल्या पाइपजोडाशेजारी, उभे राहणारे लोक बहुधा आपल्याच भागातले असतील, आणि हायड्रोजन सल्फाइड हवेत दर दहा लाख भागांत शंभरच्या वर गेला की माणसाला त्याचा वासही येईनासा होतो.

प्रश्न : केसिंगच्या पाइपांना जे५५, एन८०, एल८०, पी११० अशी नावे असतात. हे आकडे कशाचे? एन८० आणि एल८० यांचा आकडा एकच असताना नावे वेगळी का? (पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, शहादा)

उत्तर : केसिंग म्हणजे विहिरीची भिंत धरून ठेवणारा पाइप. त्याच्या नावातला हा आकडा म्हणजे पोलादाचे किमान नमन-सामर्थ्य, दर चौरस इंचाला हजार पौंडांत मोजलेले. जे५५ म्हणजे सुमारे ३७९ मेगापास्कल, ८० म्हणजे ५५२, ११० म्हणजे ७५८. एवढ्या ताकदीची गरज का पडते, हे तुम्ही स्वतः वहीत करून पाहू शकता. पोलादाची घनता दर घनमीटरला ७,८५० किलो धरली, तर टांगलेल्या ३,००० मीटर पाइपच्या वरच्या टोकाला केवळ स्वतःच्या वजनामुळे सुमारे २३० मेगापास्कल ताण येतो. पाइप जाड केला तरी हा ताण कमी होत नाही, कारण क्षेत्रफळाबरोबर वजनही वाढते. बांधकामातील २५० मेगापास्कलचे साधे पोलाद एवढ्यातच हात टेकेल. विहिरीतील ड्रिलिंग मडच्या, म्हणजे खोदताना भरलेल्या चिखलासारख्या द्रवाच्या, तरंगशक्तीने थोडा भार हलका होतो हे खरे, पण फिरवण्याचा पीळ, आतला-बाहेरचा दाब आणि अडकलेला पाइप ओढून काढण्याचा जोर त्यावर चढतो. म्हणून खोदकामाचे टोक फिरवणाऱ्या ड्रिलपाइपच्या प्रती ई७५ पासून एस१३५ पर्यंत, म्हणजे ५१७ ते ९३१ मेगापास्कलपर्यंत जातात.

एन८० आणि एल८० यांतील भेद किमान आकड्यात नसून कमाल आकड्यात आहे. एन८० चे नमन-सामर्थ्य ७५८ मेगापास्कलपर्यंत गेलेले चालते. एल८० ला ६५५ ची वरची हद्द आहे आणि कठीणतेला रॉकवेल सी २३ ची. ही हद्द का घातली, ते जळगावच्या पत्राच्या उत्तरात आले आहे. सावर विहिरीत वरच्या, थंड भागाला एल८० किंवा टी९५ अशा हद्दीतल्या प्रती घालतात. सुमारे ८० अंशांच्या वर राहणाऱ्या खोल भागात पी११० चालू शकतो, कारण उष्णतेत हा तडा जाण्याचा धोका कमी होतो. अभ्यासक्रमात बहुधा किमान सामर्थ्यच शिकवले जाते. प्रमाणपत्र हाती आले की वरची मर्यादाही वाचण्याची सवय आत्तापासूनच लावून घ्या.

प्रश्न : एवढ्या महागड्या विहिरीत सरसकट स्टेनलेस स्टीलच का वापरत नाहीत? (रेल्वेतील निवृत्त कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : खर्च हे एक कारण आहेच, पण त्याहून मोठे कारण असे की सर्वच गंजांवर चालणारे एक स्टेनलेस स्टील अस्तित्वात नाही. घरातल्या भांड्यांचे ३०४ प्रतीचे स्टील तापलेल्या खाऱ्या पाण्यात ताणाखाली ठेवले तर त्यालाही तडे जातात, आणि त्याची मूळ ताकदही खोल विहिरीला पुरत नाही.

वायूबरोबर कार्बन डायऑक्साइड येत असेल, तर पाण्यात कार्बोनिक आम्ल होऊन साधा पाइप आतून खड्डे पडत खाल्ला जातो. तिथे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद वापरतात. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर त्याचे रक्षण करतो आणि सुमारे १५० अंशांपर्यंत ते चांगले काम देते. हायड्रोजन सल्फाइड थोडा जास्त झाला की मात्र ते भरवशाचे राहत नाही. मग २२ किंवा २५ टक्के क्रोमियमचे ‘डुप्लेक्स’ नावाचे स्टेनलेस स्टील, आणि त्याही पलीकडे ८२५, ७१८ यांसारखी निकेलप्रधान मिश्रणे येतात. ती वायू वर आणणाऱ्या आतल्या ट्यूबिंगला आणि व्हॉल्व्हच्या भागांना लावतात. सिमेंटमागे राहणारे बाहेरचे केसिंग बहुतेक वेळा साध्या पोलादाचेच असते.

प्रश्न : तेलविहिरीचा जुना पाइप भंगारात स्वस्तात मिळतो आहे. केळीच्या बोअरला केसिंग म्हणून घातला तर आयुष्यभर टिकेल, असे विकणारा सांगतो. घ्यावा का? (शेतकरी, यावल तालुका)

उत्तर : घेऊ नये. तुमच्या गाळाच्या जमिनीत बोअर वरपासून खालपर्यंत केसिंगनेच धरावा लागतो, त्यामुळे टिकाऊ पाइपचा विचार रास्त आहे, पण जे५५ किंवा एन८० हे साधेच कार्बन पोलाद असते. ते ताकदीला चांगले आहे. पाण्यातील विरघळलेल्या ऑक्सिजनपुढे मात्र ते एमएस पाइपइतकेच गंजते. १३ टक्के क्रोमियमचा पाइप मिळाला, तरी ऑक्सिजन असलेल्या खाऱ्या पाण्यात त्याला बारीक खोल छिद्रे पडतात. शिवाय तेलक्षेत्रात आट्यांना लावण्याच्या पारंपरिक ग्रीसमध्ये शिसे असते, आणि त्या बोअरचे पाणी घरीही पिण्यात येत असेल तर एवढे एकच कारण पुरेसे आहे. ड्रिलपाइप असेल तर त्याचे जोड उच्च सामर्थ्याच्या पोलादाचे असतात. गावातल्या वेल्डरने आधी न तापवता त्यावर वेल्डिंग केले तर शिवणीशेजारी तडा जाण्याची शक्यता मोठी असते.

आयएस १२८१८ चा शिक्का असलेला यूपीव्हीसी केसिंग पाइप, किंवा खोली फार असून पोलादच हवे असेल तर आयएस ४२७० चा पाइप घ्या. बोअर करणाऱ्याकडून खोलीनुसार पाइपची जाडी लिहून घ्या आणि ट्रकवरून पाइप उतरवतानाच प्रत्येक नगावरचा शिक्का पाहा.