ओसीटीवरून एमएस कळतो का?

प्रश्न असा आहे: कोल्हापुरात राहणाऱ्या २६ वर्षांच्या बहिणीला उजव्या डोळ्याने ४ दिवसांपासून अंधुक दिसतंय, डोळा फिरवला की दुखतं, ओसीटी (डोळ्याच्या पडद्याच्या थरांचा प्रकाशाने घेतलेला स्कॅन) केली तर एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिनाडीच्या नसांचं आवरण बिघडवणारा आजार) आहे की नाही ते समजेल का?

एकट्या ओसीटीवरून नाही. तरी ती करा, दोन्ही डोळ्यांची, आणि चिठ्ठीवर दोन्ही स्कॅन लिहून घ्या: डिस्कभोवतीचा (दृष्टिनाडी डोळ्यातून निघते त्या जागेभोवतीचा) आरएनएफएल, म्हणजे नसतंतूंचा थर, आणि मॅक्युलाचा (पडद्याच्या मधल्या भागाचा) जीसीएल-आयपीएल, म्हणजे चेतापेशींचा थर. नुसत्या मॅक्युलाच्या जाडीवर भागत नाही.

दोन डोळ्यांत आरएनएफएलचा सरासरी फरक ५-६ मायक्रॉन किंवा जीसीएल-आयपीएलचा ४ मायक्रॉन वा जास्त असेल, तर दृष्टिनाडीला इजा झाल्याचा संशय बळावतो. घोळ होतो तो वेळेचा. दृष्टिनाडीच्या ताज्या सुजेत आरएनएफएल जाड किंवा नॉर्मल दिसतो आणि घरचे निर्धास्त होतात. त्याची झीज नीट दिसायला ३ ते ६ महिने लागतात. म्हणून आत्ताचा स्कॅन तुलनेसाठी जपून ठेवा, पुढचा त्याच मशीनवर करा. वेगळ्या कंपन्यांचे आकडे जुळत नाहीत. काचबिंदू आणि मोठा मायनस नंबर यांतही थर पातळ दिसतात, ते आधी डॉक्टरांना सांगा.

निदान ठरतं ते न्यूरोलॉजिस्टची तपासणी, मेंदू, मणका आणि डोळ्यांच्या खोबणीचा कॉन्ट्रास्ट एमआरआय, आणि रक्तातल्या एक्वापोरिन-४ व मॉग अँटीबॉडीवर (एमएससारखे दिसणारे आजार वेगळे ओळखायच्या रक्ततपासण्या). या दोन्ही तपासण्या सेल-बेस्ड (पेशींवर करायच्या) पद्धतीनेच करून घ्या. एक्वापोरिन पॉझिटिव्ह आली तर आजार एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, दृष्टिनाडी आणि मज्जारज्जूचा वेगळा आजार), आणि एमएसची काही औषधं त्यात उलटतात. कोल्हापूरच्या राजारामपुरीत ओसीटीची तारीख पुढच्या आठवड्याची मिळाली तरी डॉक्टरांना आजच दाखवा.