न दाखवलेल्या टीव्ही मालिका आणि पायलट जमवायचेत?
अरे, पायलट म्हणजे वाहिनीला दाखवायचा नमुना-भाग. तो नाकारला की कपाटात जातो. तू सुरुवात अधिकृत डीव्हीडीपासूनच कर. 'फायरफ्लाय' या अमेरिकन मालिकेचे १४ भाग बनले, २००२ मध्ये अमेरिकेत त्यातले ११च दाखवले. उरलेले ३ पुढच्या वर्षी डीव्हीडीवर आले. 'शेरलॉक' या ब्रिटिश मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या डीव्हीडीवर तर न दाखवलेला पायलटच आहे, तो चुकवू नकोस.

जुन्या बाजारात व्हीएचएस कॅसेट दिसली, तर आधी ती उजेडात धरून तिच्या पारदर्शक खिडकीतून आतलं रीळ बघ. पांढरी बुरशी असेल तर व्हीसीआरमध्ये, म्हणजे कॅसेट चालवायच्या यंत्रात, घालूच नकोस, फीत वाचणाऱ्या हेडची वाट लागते. आणि सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कॅसेटी? नावच काढू नकोस. कपाटात उभ्या ठेव आणि वेळेत डिजिटल करून घे.