शेवटची गाणीच का अडखळतात?

प्रश्न : नमस्कार सर, मी सांगलीहून लिहितोय, गावभागात घर आहे. काकांनी ८६ साली दुबईहून आणलेला सीडी प्लेअर माळ्यावर सापडला, वर होता म्हणून २०१९च्या पुरात वाचला नाहीतर खालचं सगळं गेलं. चालू होतो, पहिली पाच-सहा गाणी झकास, मग शेवटची दोन-तीन अडखळतात. घरी बर्न केलेली सीडी तर घेतच नाही. समोर १६ बिट लिहिलंय, पुतण्या म्हणतो आता मोबाईलवर २४ बिट मिळतं, भंगारात द्या. देऊ का?

उत्तर : अहो अजिबात देऊ नका! आधी एक गंमत सांगतो, सीडी रेकॉर्डच्या उलट आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटची गाणी कडेला असतात. सुरुवातीला चकती मिनिटाला साधारण ५०० फेरे घेते आणि कडेला येईपर्यंत २०० वर येते. तेव्हा आता एक करा, जेमतेम ३५-४० मिनिटांची सीडी लावा, तिची गाणी कडेपर्यंत जातच नाहीत, ती पूर्ण नीट वाजली तर लेझर ठीक आहे आणि लेन्स ज्या दांडीवर सरकते तिथलं जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालंय असं समजायचं, माझ्याकडे आलेल्या निम्म्या जुन्या सेटमध्ये हेच निघालं. प्लग काढून जुनं ग्रीस पुसायचं, नवीन अगदी थोडं लावायचं. शिलाई मशीनचं तेल नको, ते पसरतं आणि लेन्सवर गेलं की संपलं. लेन्सला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला इअरबड हलक्या हाताने, दाबायचं नाही, ती नाजूक स्प्रिंगवर असते. आणि झाकण उघडं ठेवून चालू सेटमध्ये डोकावू नका, ७८० नॅनोमीटरचा लेझर डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही पण इजा करू शकतो.

१६ बिटचं म्हणाल तर सीडीवर मुळातच १६ बिट असतात, सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप, प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. चकतीवर आहे ते सगळं तुमचा सेट वाचतो, अजून काय पाहिजे? ८२-८३ साली सोनीने मापांचा परत आवाज करणारी चिप १६ बिटची घातली आणि फिलिप्सने १४ बिटची, पण चौपट ओव्हरसॅम्पलिंग (म्हणजे मधली मापं गणिताने काढून मापांची संख्या चौपट) करून त्यांनी ती कसर भरून काढली, त्या १४ बिटवाल्यांना आजही लोक शोधत फिरतात. हे पुतण्याला सांगा.

बर्न केलेल्या सीडीचं वेगळं आहे. तुमचा सेट असल्या सीडी बाजारात यायच्या आधीचा, त्यांच्यावरून प्रकाश छापील सीडीपेक्षा कमी परत येतो, जुन्या सेटला कधी जमतं कधी नाही. लेन्स साफ केल्यावर परत लावून बघा. पण एमपी३ फायली तशाच कॉपी केल्या असतील तर काही केलं तरी वाजणार नाहीत, बर्न करताना ऑडिओ सीडी निवडायचं.