स्विंगमध्ये दिसणारा १५° व्हेरस खरा की मार्करचा?

तुम्ही विचारलंय: सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या गेट रिपोर्टमध्ये (अंगावर मार्कर लावून केलेल्या चालण्याच्या तपासणीच्या अहवालात) गुडघ्याला स्विंगमध्ये (पाय हवेतून पुढे जाताना) १५° व्हेरस (गुडघा बाहेरच्या बाजूला झुकणं) आहे, पण उभ्याने काढलेल्या एक्स-रेत पाय सरळ दिसतो. मग खरं काय धरायचं?

माझ्या मते हा व्हेरस बहुधा खोटा आहे. गुडघा वाकण्याचा ग्राफ आणि व्हेरसचा ग्राफ एकाखाली एक ठेवून बघा. स्विंगमध्ये गुडघा सुमारे ६०° वाकतो. व्हेरसही नेमका तिथेच चढून पाय सरळ होताना उतरत असेल, तर तो क्रॉसटॉक. सॉफ्टवेअरने धरलेला गुडघ्याचा अक्ष (ज्या रेषेभोवती गुडघा वाकतो ती) तिरका पडलाय, त्यामुळे वाकण्याचा काही भाग व्हेरस म्हणून मोजला जातोय. अक्ष १०° चुकला तर ६०° वाकलेल्या गुडघ्यात जवळजवळ ९° खोटा व्हेरस दिसतो. तुमच्या १५° मागे साधारण १७° ची चूक निघते. गुडघा सरळ असताना ती दिसतच नाही, म्हणून स्टॅटिक ट्रायलमध्ये (स्थिर उभं राहून केलेल्या मोजमापात) सगळं ठीक वाटतं.

प्लग-इन गेटसारख्या मॉडेलमध्ये (मार्करवरून सांध्यांचे कोन काढणाऱ्या पद्धतीत) हा अक्ष खुब्याचं केंद्र, मांडीचा मार्कर आणि गुडघ्याच्या बाहेरचा मार्कर यांच्या प्रतलावरून ठरतो. मांडीचा मार्कर पुढे लागला की व्हेरस दिसतो, मागे लागला की व्हॅल्गस (गुडघा आत झुकणं). लहान मुलाची मांडी बारीक असते. मार्कर खुबा-गुडघा रेषेपासून ५ सेंमी बाहेर असेल, तर तो १ सेंमी सरकताच ११° ची चूक होते.

मला जास्त काळजी खुब्याच्या रोटेशनची वाटते. तेही याच अक्षावर मोजतात. मार्कर पुढे असेल तर खुबा खऱ्यापेक्षा तितकाच जास्त आत वळलेला दिसतो. त्या आकड्यावर फेमर डीरोटेशनचं (मांडीचं हाड फिरवून बसवण्याचं) ऑपरेशन ठरलं, तर हाड गरजेपेक्षा जास्त फिरवलं जाईल. म्हणून आधी लॅबला सांगा: मांडीच्या रोटेशनला ऑफसेट देऊन डेटा पुन्हा प्रोसेस करा आणि स्विंगमधला व्हेरसचा ग्राफ सपाट होतो का ते बघा. नवीन खुबा-रोटेशन पालथं झोपवून मोजलेल्या अँटेव्हर्जनशी (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा पुढच्या बाजूचा पीळ) आणि रोटेशनच्या रेंजशी ताडून पाहा. पुन्हा तपासणी झालीच तर स्टॅटिकमध्ये आतल्या एपिकॉन्डाइलवरही (गुडघ्याजवळचा हाडाचा उंचवटा) मार्कर लावायला सांगा.

व्हेरस स्टान्समध्ये (पाय जमिनीवर टेकलेला असताना), गुडघा जवळपास सरळ असतानाही तेवढाच राहत असेल, तर मात्र एक्स-रेवर शंका घ्या. त्यात वाटी समोर होती का आणि गुडघा पूर्ण सरळ होता का, ते बघा. वाकलेला आणि फिरलेला पाय एक्स-रेतही असाच फसवतो.